काचेपलीकडची आई

(विलेपार्ले येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



अपुऱ्या दिवसांचे मूल जन्माला आले की मराठी घरांत एक वाक्य ठरलेले असते : ‘बाळाला काचेत ठेवले आहे.’ काच म्हणजे ऊब देणारी पेटी. या एका वाक्यात भीती असते, आशा असते आणि यंत्रावरची श्रद्धाही असते. बाळ काचेच्या आत, आई काचेच्या बाहेर. आत डॉक्टर आणि परिचारिका, बाहेर औषधांची चिठ्ठी घेऊन धावणारा बाप. विसाव्या शतकाचा बराच काळ हीच व्यवस्था जगभर शास्त्रीय मानली गेली. मुंबई महानगरपालिकेच्या एका रुग्णालयात, धारावीच्या शेजारी, एका स्त्री-डॉक्टरने ही व्यवस्था उलटी केली आणि आईला काचेच्या आत आणले. डॉ. अर्मिडा फर्नांडिस हे त्यांचे नाव. २०२६ साली जाहीर झालेल्या पद्मश्रीच्या यादीत ते आले, तेव्हा त्यांची ओळख एका ओळीत करून देण्यात आली : आशियातील पहिल्या मातृदुग्धपेढीच्या संस्थापक. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. दुग्धपेढी हे त्या कामाला आलेले फळ होय. त्याचे मूळ निराळे आहे, आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी विचार करायचा तो त्या मुळाचा.

प्रथम अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण या विषयात आजही वैद्यकापेक्षा समजुतींचा अंमल अधिक आहे. सातव्या महिन्यातले मूल जगते पण आठव्यातले जगत नाही, असे सांगणाऱ्या जाणत्या बाया अजून आहेत. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या आयुष्याची दोरी बळकट करतो. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जे जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे. त्याच्या अंगावर चरबी नसते, म्हणून ते स्वतःची ऊब राखू शकत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ घालणे त्याला साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत जमत नाही, म्हणून ते अंगावर पिऊ शकत नाही. फुप्फुसे कच्ची, आतडी कच्ची, आणि जंतूंशी झुंजण्याची शक्ती जवळजवळ नाहीच. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लक्ष बालके जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लक्ष एकट्या भारतात. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंचे जगातील सर्वांत मोठे कारण हेच आहे. देवीची साथ गेली, पोलिओ गेला, परंतु या मृत्यूंचा कोठे गलबला झाला नाही. नाव ठेवण्याआधीच गेलेल्या मुलाचा शोक आपल्याकडे मोठ्याने करीत नाहीत, हेही त्याचे एक कारण असावे.

काचेच्या पेटीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८८०च्या सुमारास पॅरिसच्या प्रसूतिगृहात तार्निए या डॉक्टरांनी अंडी उबवण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन ती आणविली. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांनी आईला दूर ठेवू नका, तिचे दूध तोडू नका, असे बजावून सांगितले. पुढे पेटी जगभर गेली; गुरुशिष्यांचा उपदेश मात्र मागे राहिला. अमेरिकेत तर या पेट्या जत्रेत मांडल्या गेल्या. मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे अपुऱ्या दिवसांची बालके काचेत ठेवून लोकांना तिकीट लावून दाखवीत होता. त्या पैशांतून तो बालकांची शुश्रूषा करी, आईबापांकडून दमडी घेत नसे आणि त्याने पुष्कळ जीव वाचविले, हे नाकारता येणार नाही. सरकार आणि रुग्णालये ज्या मुलांना जगण्यास नालायक समजत होती त्यांचा खर्च जत्रेतले प्रेक्षक भागवीत होते. भांडवली समाजात दया कोणत्या दाराने आत येते, याचा एवढा बोलका नमुना दुसरा सापडणे कठीण. त्यानंतरच्या काळात रुग्णालयांनी पेटीत प्राणवायू सढळ हाताने सोडला आणि हजारो मुले जगली, परंतु आंधळी झाली. यंत्र होते, किती द्यावे याचे भान यायला पन्नासचे दशक उजाडावे लागले.

आता शीव येथे येऊ. लोकमान्य टिळकांच्या नावाचे हे रुग्णालय १९४७ साली लष्करी बराकींत पन्नास खाटांवर सुरू झाले, १९६४ साली त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. पार्ल्याच्या रहिवाशांना लोकमान्यांच्या नावाच्या संस्थेचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. लोकमान्य सेवा संघ येथे १९२३ पासून उभा आहे. शीवच्या रुग्णालयाच्या एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला रेल्वे आणि हमरस्ता. कातडी कमावणारे, कुंभार, कपडे शिवणारे, भंगार वेचणारे, गिरण्या बंद झाल्यावर हातगाडीवर आलेले अशांच्या घरांतील बाळंतिणी तेथे येत. त्यांच्या पोटी जन्मलेली बालके वजनाने कमी, दिवसांनी अपुरी. नवजात बालकांच्या विभागात डॉ. फर्नांडिस यांनी काम सुरू केले तेव्हा तेथेही जगन्मान्य रीतच चालू होती : मूल आईपासून वेगळे काढायचे, भुकटीचे दूध बाटलीने पाजायचे, आईला भेटीची ठरावीक वेळ द्यायची.

आणि बालके मरत होती. जन्मताना न मेलेली, श्वास घेऊ लागलेली, चार दिवस जगलेली बालके जंतुसंसर्गाने मरत होती. येथे श्रीमंत देशांचे अनुकरण करणारा डॉक्टर असता तर त्याने आणखी पेट्या, आणखी जालीम प्रतिजैविके आणि आणखी निधी मागितला असता. मागणी गैर नव्हती, पण पालिकेच्या खजिन्यातून ती पुरी होईपर्यंत कित्येक पाळणे रिकामे झाले असते. डॉ. फर्नांडिस यांनी साधा प्रश्न विचारला : जंतू येतात कोठून? ते येत होते बाटलीतून, बुचातून, भुकटी कालवण्याच्या पाण्यातून, आणि एकीकडे दहा-बारा बालके सांभाळताना हात धुण्यासही उसंत न मिळणाऱ्या परिचारिकेच्या हातांतून. त्या परिचारिकेला दोष देऊन काहीच साधणार नव्हते. हात कमी होते. आणि दाराबाहेर, जिन्याच्या पायऱ्यांवर, प्रत्येक बालकामागे दोन हात रिकामे बसलेले होते.

विभागातून बाटली गेली, भुकटीचा डबा गेला, आणि आई आत आली. तिला हात कोपरापर्यंत धुण्यास शिकविले गेले. दूध हाताने कसे काढायचे ते शिकविले गेले. ज्याला चोखता येत नाही त्याला नळीने, मग वाटी-चमच्याने पाजणे शिकविले गेले. ज्या मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या बोंडल्याने मूल पाजले गेले होते त्यांना बाटली हीच सुधारणा आहे असे जाहिरातींनी पटविले होते; ते खूळ डोक्यातून काढावे लागले. बाळंतपणानंतरचा पिवळट चीक टाकून देऊन मध किंवा गुळाचे पाणी चाटविण्याची रीत सोडवावी लागली. म्हशीला रेडकू झाले की त्याच चिकाचा खरवस आवडीने खाणारा समाज आपल्या मुलाच्या वाट्याचा चीक ओतून देतो, याला काय म्हणावे? या साऱ्याचा परिणाम असा झाला की संसर्ग उतरला, प्रतिजैविकांचा मारा कमी झाला, मृत्यू घटले. निरक्षर म्हणून जिला दाराबाहेर ठेवले होते, ती उपचार करणाऱ्यांपैकी एक झाली.

कामगार चळवळीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली आहेत त्यांना या घटनेचा अर्थ चटकन समजेल. कारखाना चालविण्याचे ज्ञान फक्त व्यवस्थापकांपाशी असते, कामगारांपाशी केवळ हात असतात, हा भ्रम आहे. रुग्णालयातही हाच भ्रम पांढऱ्या डगल्याच्या रूपाने नांदत होता. डॉ. फर्नांडिस यांनी तो मोडला, तोही भाषण न करता. पुढे त्या विभागप्रमुख झाल्या, रुग्णालयाच्या अधिष्ठाताही झाल्या. परंतु बाहेर खासगी व्यवसायाची सोन्याची खाण समोर दिसत असताना त्यांनी सारी उमेद पालिकेच्या सेवेत खर्च केली, याचा उल्लेख केल्याशिवाय त्यांचा गौरव पुरा होत नाही.

एक अडचण उरली होती. सगळ्याच बालकांच्या आया आत येऊ शकत नव्हत्या. कोणी प्रसूतीत दगावलेली, कोणी बेशुद्ध, कोणी दुसऱ्या रुग्णालयात पडलेली; आणि दिवस अपुरे असल्यामुळे कित्येकींना पान्हाच फुटलेला नसे. दुसरीकडे ज्यांना बाळाच्या गरजेपेक्षा जास्त दूध येत होते अशा माताही त्याच वॉर्डात होत्या. या दोहोंची गाठ घालून देण्याची व्यवस्था म्हणजे १९८९ साली शीव रुग्णालयात उघडलेली दुग्धपेढी. आशियातील ही पहिली. देणाऱ्या मातेची संमती घ्यायची, एच.आय.व्ही., कावीळ, गर्मी यांसाठी तिचे रक्त तपासायचे, दूध निर्जंतुक भांड्यात काढायचे, अनेक मातांचे दूध एकत्र करून ६२.५ अंश सेल्सिअस तपमानावर ३० मिनिटे ठेवायचे, झटपट थंड करून त्याची जंतूंसाठी परीक्षा करायची आणि उणे २० अंशांवर साठवायचे. यात कोठेही अद्भुत काही नाही. दूध डेअरीत काम करणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. पण अपुऱ्या दिवसांच्या बालकाची आतडी सडविणारा जो जीवघेणा विकार आहे, त्याचा धोका भुकटीच्या दुधाने वाढतो आणि मानवी दुधाने कमी होतो. गाईम्हशींच्या दुधाचे शास्त्र पुऱ्या देशाला ठाऊक असताना माणसाच्या दुधाची पहिली पेढी निघायला १९८९ साल उजाडावे लागले.

या पेढीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अनेक मातांचे दूध एका भांड्यात एकत्र होते तेव्हा त्याला जात राहत नाही. ज्या राज्यात १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच राज्याच्या राजधानीत कोणा मातेचे दूध कोणा बालकाच्या ओठी लागते. तसेच त्याला किंमतही नाही. देणारीला मोबदला नाही, घेणाऱ्या बालकाच्या बापाला बिल नाही. बाजाराला हे बघवणार नव्हतेच. मानवी दुधावर प्रक्रिया करून विकण्याचा धंदा या देशात सुरू झाला, आणि अखेर मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला स्पष्ट शब्दांत बजावावे लागले की मानवी दुधाची विक्री कायद्याला मान्य नाही. गरीब बाईच्या अंगचे दूध तिच्या मुलाच्या तोंडून काढून शिशीत भरले जाण्याची भीती काल्पनिक नव्हती.

भुकटीच्या डब्याविरुद्धचा लढा मात्र एका विभागापुरता नव्हता. १९७४ साली ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संघटनेने गरीब देशांत बाटलीचे दूध मुलांचा बळी कसा घेते हे पुस्तिका काढून जगापुढे मांडले. १९७७ साली अमेरिकेतून एका बलाढ्य कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली आणि १९९२ साली भारताने तिला कायद्याचे रूप दिले. २००३ साली तो अधिक कडक झाला. प्रसूतिगृहांत डबे वाटणे, डॉक्टरांना भेटी देणे, गुटगुटीत बाळांची चित्रे छापणे यांवर बंदी आली. हा कायदा मोडणाऱ्यांवर खटले भरण्याचा अधिकार सरकारने ज्या स्वयंसेवी संस्थांना दिला त्यांत मुंबईची ‘अकॅश’ ही संस्था होती. या उपनगरांतील जुन्या कार्यकर्त्यांना बाटली आणि पाणी यांचा संबंध वेगळा समजावून सांगायला नको. गोरेगावात मृणालताईंनी हंडे घेऊन जो लढा उभारला तो पाण्यासाठी होता. ज्या वस्तीत पिण्याचे पाणी नाही तेथे भुकटीचा डबा पाठविणे म्हणजे काय, हे त्या हंडेवाल्या बायकांना कोणत्याही तज्ज्ञापेक्षा अधिक कळत होते.

शीवचा प्रयोग एकाकी नव्हता. १९७८ साली दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या बोगोटा शहरी एडगर रे या डॉक्टरांपुढे हीच परिस्थिती होती : पेट्या थोड्या, बालके फार, संसर्ग अमाप. त्यांनी आणि पुढच्या वर्षी त्यांना येऊन मिळालेल्या हेक्तोर मार्तीनेस यांनी बालकाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे बांधले. तिलाच कांगारू पद्धत म्हणतात. श्रीमंत देशांतील तज्ज्ञ प्रथम हसले. गरिबांची तडजोड म्हणून तिची संभावना झाली. चाळीस वर्षांनी भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत ३,२११ बालकांवर जी मोठी पाहणी झाली तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक किलो ते पावणेदोन किलोंच्या आसपास वजनाच्या ज्या बालकांना जन्मताच आईच्या छातीशी दिले त्यांच्यापैकी पहिल्या २८ दिवसांत १२ टक्के दगावली. ज्यांना आधी प्रकृती स्थिर होईपर्यंत पेटीत वा ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवले त्यांच्यापैकी १५.७ टक्के. फरक इतका ठळक होता की पाहणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली, कारण अर्ध्या बालकांना आईपासून दूर ठेवणे अन्यायाचे ठरले असते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच रीत सर्वांसाठी सांगितली. परंतु त्या पाहणीतला एक तपशील वृत्तांतांतून सहसा गळतो. त्या रुग्णालयांत आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आत लावलेली होती. त्या खाटेवर सारे अवलंबून होते.

शहराबाहेरचे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ खेड्यांतील साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बालकाची ऊब, श्वास आणि संसर्ग यांची शुश्रूषा शिकविली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर दर हजारी २५.५ वर आला, तर शेजारच्या खेड्यांत तो ५९.६ होता. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०११ पासून केंद्र सरकारने ते काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपविले. आशांना मात्र आजही कर्मचारी म्हणून मान्यता नाही. त्या ‘स्वयंसेविका’; त्यांचे वेतन म्हणजे ‘मानधन’. मान थोडा आणि धन त्याहून थोडे, असा हा शब्द आहे.

डॉ. फर्नांडिस यांनाही रुग्णालयाच्या भिंतींची मर्यादा जाणवली. विभागात वाचविलेले मूल ज्या खोपटात परत जाते तेथे आई उपाशी असेल, तिला मारहाण होत असेल, वर्षाच्या आत ती पुन्हा गरोदर होणार असेल, तर डॉक्टरांचा विजय किती दिवसांचा? १९९९ साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. गरोदरपणाची नोंद, बालकांचे पोषण, स्त्रियांवरील हिंसेचा प्रतिकार ही कामे तिने मुंबईच्या वस्त्यांतून हाती घेतली. नवजात बालकाच्या डॉक्टराला स्त्रीच्या पाठीवरचे वळ का मोजावे लागतात, याचे उत्तर या क्रमात आहे. या संस्थेची एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. ४८ वस्त्यांत महिलांचे गट बांधून बाळंतपणे आणि बालमृत्यू यांत सुधारणा होते का, याची पाहणी तिने केली आणि अपेक्षित परिणाम दिसला नाही, हे २०१२ साली तिने स्वतःच प्रसिद्ध केले. वार्षिक अहवालांत यशाखेरीज काहीच न छापणाऱ्या संस्थांच्या जमान्यात ही वृत्ती दुर्मिळ होय. शहरातील झोपडवस्ती म्हणजे गडचिरोलीचे खेडे नव्हे. येथे अंतर मैलांत मोजायचे नसते. ते रोजंदारी, भाडे, नवऱ्याची पाळी आणि रुग्णालयाच्या रांगेत मोजायचे असते. बैठका घेऊन हे अंतर तुटत नाही, एवढा धडा त्या पाहणीतून मिळाला.

आता कठीण भागाकडे वळले पाहिजे. आई हेच औषध, हे तत्त्व सरकारला फार आवडते. आईचे दूध फुकट, आईची ऊब फुकट, आईचे जागरण फुकट. परिचारिकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि भिंतीवर मातेच्या महतीचे फलक लावायचे, असा अर्थ या तत्त्वाचा काढला जाण्याचा धोका खरा आहे, आणि तो काढला जातही आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात विभागाला आग लागली. आत १७ बालके होती. ७ वाचली, १० गेली. त्या रात्रीही आया काचेबाहेरच होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात याच मुंबईत, भांडुपच्या पालिका प्रसूतिगृहात, चार नवजात बालके जंतुसंसर्गाने गेली. २०२३ साली नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांपैकी १२ नवजात होती. चौकशी समित्या नेमल्या गेल्या. अशा वेळी कोणी एखादी परिचारिका, एखादा डॉक्टर निलंबित होतो, आणि तिच्या एकटीच्या अंगावर किती पाळणे टाकले होते हा प्रश्न फायलीत जाऊन पडतो. शीवच्या प्रयोगाने परिचारिका अनावश्यक ठरविली नव्हती. आईला शिकविणारी, तिच्या हाताकडे लक्ष ठेवणारी, बालक निळे पडू लागताच ओळखणारी परिचारिका असल्याशिवाय आईची खाट म्हणजे केवळ एक खाट आहे.

हिरकणीची गोष्ट मराठी मुलुखात सर्वांना पाठ आहे. बसस्थानकांवर अंगावर पाजण्यासाठी जे कक्ष उघडले त्यांना तिचेच नाव दिले आहे, आणि त्यांपैकी काहींना कुलूप असते हा भाग वेगळा. घरी तान्हे मूल, रायगडाचे दार सूर्यास्ताला बंद, म्हणून ती कडा उतरून गेली. शतकानुशतके तिच्या मातृत्वाचे कौतुक झाले. दूध विकायला आलेल्या ओल्या बाळंतिणीला गडावर अडकून पडावे का लागले, आणि दाराच्या नियमात तिच्यासाठी जागा का नव्हती, असे कीर्तनकार विचारीत नाहीत. बुरूज बांधून गौरव करणे राज्यकर्त्यांना सोपे असते. दार उघडे ठेवणे खर्चाचे असते.

त्या दाराचा खर्च कोणी द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर मुंबईला नवे नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना भूमिका घेतली होती की मातेला प्रसूतीपूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून तिचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. देशातील हा पहिला. १९६१च्या केंद्रीय कायद्याने तर दिवस अपुरे असताना मूल झाल्यास आजारी मातेला एक महिन्याची जादा पगारी रजा दिली. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच आहे. परंतु हे सारे हजेरीपटावर नाव असलेल्या बाईसाठी. बीडहून कोयता घेऊन निघालेल्या जोडप्यातील बाई दिवस भरत आले तरी मोळ्या उचलते, कारण ती बसली तर कोयता अर्धा होतो आणि मुकादम खाडा लावतो. तिच्यासाठी काय आहे? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक मातेला किमान ६,००० रुपये देण्याचे वचन दिले; २०१७च्या योजनेने ते पहिल्या मुलासाठी ५,००० वर आणून हप्त्यांत वाटले; दुसरी मुलगी झाली तर २०२२ पासून ६,०००. दीड किलोच्या बालकाला उराशी धरून रुग्णालयात आठवड्यामागून आठवडे बसणाऱ्या मजूर बाईची रोजी या रकमेत किती दिवस भागेल, याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील.

आणि म्हणूनच ती बसत नाही. ती निघून जाते. ‘आई बालकाला टाकून गेली’ अशी नोंद कागदावर होते. घरी आधीची दोन मुले शेजारणीकडे असतात, नवऱ्याचा रोज बुडालेला असतो, रुग्णालयात रात्री पाठ टेकण्यास जागा नसते, आणि मूल मुलगी असेल तर सासरची माणसे तिकडे फिरकत नाहीत. दुसरीकडे, ज्यांना पालिकेच्या रुग्णालयात जागा मिळत नाही ते खासगी रुग्णालयाच्या दारात जातात. तेथे पाळण्याचे भाडे दिवसागणिक चढते, मंगळसूत्र गहाण पडते, आणि पैसे संपले की पुन्हा शीव, पुन्हा परळ, पुन्हा तीच रांग. रुग्णवाहिकेतून या दोन टोकांमध्ये फिरणाऱ्या बालकाची ऊब वाटेतच जाते.

पश्चिम उपनगरांत या रांगेचे दुसरे टोक विलेपार्ल्याला आहे. पालिकेचे कूपर रुग्णालय येथे आहे. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या वस्त्यांतील बाळंतिणी तेथे पोहोचतात. पार्ल्यातील कार्यकर्त्यांना डॉ. फर्नांडिस यांचा सत्कार करायचा असेल तर शाल-श्रीफळाआधी तेथे जाऊन काही गोष्टी विचारण्याजोग्या आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या आईला आत खाट मिळते की भेटीची वेळ? तिचे स्वतःचे नाव डिस्चार्जच्या कागदावर निघाल्यानंतर तिला जेवण मिळते का? रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती बालके असतात? मिळालेली उत्तरे तारीखवार लिहून ठेवावीत, प्रभाग समितीत वाचावीत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारावीत.

यापुढचा प्रश्न रुग्णालयात विचारायचा नाही. पार्ल्याच्या सोसायट्यांत सकाळी सातला येणाऱ्या घरकामगार बाया कोणत्याही हजेरीपटावर नाहीत. घर हे कायद्याच्या दृष्टीने आस्थापना नाही, म्हणून प्रसूतीच्या रजेचा कायदा त्यांना लागू नाही. २००८ साली राज्याने त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नाव नोंदविलेल्या किती जणी आपल्या इमारतीत आहेत, हे जिन्यावर उभे राहून मोजता येईल. सातव्या महिन्यापर्यंत फरशी पुसणारी बाई बाळंत झाली की पुढच्या महिन्यात त्या घरी दुसरी बाई लागलेली असते, आणि कापलेल्या दिवसांचा हिशेब स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने मांडलेला असतो. त्या दिनदर्शिका समाजवादी घरांतूनही आहेत.